ताईच्या शिंका

अकरा वर्षं मी एकाच प्रश्नामागे आहे. एकाच्या हाडातली मज्जा दुसऱ्याला दिली, की तिच्यातून तयार होणाऱ्या रक्तपेशी नव्या घरात नांदतात की भांडतात? हे मी उंदरांवर इतक्यांदा करून पाहिलंय, की घरचे मला उंदीरबाई म्हणतात. आणि ताईला रक्ताचा आजार होऊन मज्जा बदलायची वेळ आली, तेव्हा जुळली कोणाची? धाकट्याची. विज्ञानात जेमतेम काठावर पास होणाऱ्या आमच्या भावाची! माझी अजिबात जुळली नाही. हे मी अजून मनाला लावून घेतलंय.

मज्जा रुजली. तीन महिने ताईला जपून ठेवलं. तिचा बोका साहेब तेवढे दिवस शेजारच्या काकूंकडे होता. चौथ्या महिन्यात परवानगी मिळाली आणि साहेब शेपटी वर करून घरी आले.

त्याच आठवड्यात ताई शिंकायला लागली. डोळे लाल, मनगटांवर पुरळ. पुरळ म्हटलं की मला एकच सुचतं: धाकट्याच्या पेशींनी ताईचं शरीर परकं ठरवलं आणि त्या तिच्यावर उलटल्या. हे कातडीवर थांबलं नाही तर आतडी, यकृत, आणि मग माणूसच जातं. उंदरांत मी ते शेवटपर्यंत पाहिलंय.

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, पुरळाचा कणभर तुकडा काढला आणि ताईला दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत ती एकदाही शिंकली नाही.

"इथे बरी आहे की मी," ताई म्हणाली. "घरी गेले की सुरू होतं. घरालाच नकोशी झालेय वाटतं."

रिपोर्ट आले. रक्त सगळं धाकट्याचं, हल्ल्याची खूण कुठेही नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"साधी अ‍ॅलर्जी दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी होती?"

"कधीच नाही," ताई म्हणाली. "धुळीत लोळले असते तरी शिंकले नसते."

मी खाली बघायला लागले. तीन वर्षांपूर्वी मीच शोधनिबंध छापला होता, की अंड्याचं वावडं असलेल्या उंदराची मज्जा दुसऱ्या उंदराला दिली, तर मज्जेबरोबर वावडंही जातं. बावीस पानं, चौदा आलेख. आणि सख्खी बहीण समोर शिंकतेय, तर या उंदीरबाई थेट यकृतापर्यंत पोचल्या.

तेवढ्यात धाकटा फळं घेऊन आला. मी त्याला बसूसुद्धा दिलं नाही.

"तुला मांजराचं वावडं आहे?"

त्याने पिशवी नीट कॉटखाली ठेवली. "थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"मांजराजवळ दहा मिनिटं निघतात."

"मग मज्जा देतानाच्या फॉर्मवर 'काही नाही' का लिहिलंस?"

"खरं लिहिलं असतं तर मला नाही म्हणाले असते. मग कोण होतं दुसरं? तू?"

हे लागलं. एवढ्यावरून कोणी नाही म्हणत नाही, गाढवा, असं मी म्हणणार होते, पण ताई मधेच उठून बसली.

"म्हणून तू माझ्याकडे कधी बसला नाहीस?"

नऊ वर्षं हा तिच्याकडे यायचा, दारात उभा राहायचा, अर्धा ग्लास पाणी प्यायचा आणि घड्याळ बघत निघायचा. भाऊ आपल्याला टाळतो, असं ताईने धरून ठेवलं होतं. यावरून ती माझ्याकडे किती वेळा रडली, ते मला माहीत आहे.

"सांगायचं ना रे," ती म्हणाली.

"तुझा त्या साहेबावर केवढा जीव. सांगितलं असतं तर तू त्याला तरी बाहेर काढलं असतंस, नाहीतर मला."

ताई इतकी हसली की नर्स डोकावून गेली. मग तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता साहेब माझ्याकडे असतात आणि माझ्या कागदांवर झोपतात. ताईचं घर पडदे-गाद्यांसकट धुऊन काढलं. गेल्या रविवारी धाकटा सकाळी अकराला तिच्याकडे गेला. संध्याकाळी सहाला तिचा फोन आला.

"अगं, हा उठायचं नावच घेत नाही," ती तक्रार करत होती. "किती बोलतो हा."

मागून तो विचारत होता, रात्री जेवायला काय आहे.