काठासकट मोजलेलं चाक

खंडेनवमीच्या दुपारी गुणाजीने काळाचौकीच्या चाळीखाली गाडीची डिकी उघडली आणि कपाळाला हात लावला. आतली स्टेपनी पाच भोकांची, गाडीच्या चाकांना नट चारच. जुन्या मालकाने भलत्याच गाडीचं चाक गळ्यात मारलेलं.

संपात गिरणी गेली तेव्हापासून ही जुनी फियाट हेच त्याचं पोट. दसऱ्याच्या सकाळी तिच्यातूनच ठाकूरद्वारहून हरेश्वरबुवांना कीर्तनाला आणायचं होतं. चुली थंड होत्या त्या दिवसांत बुवांनी नुसत्या नारळावर कीर्तनं करून चाळीला धीर दिला होता. आता त्यांचे गुडघे गेलेले. झिजलेला टायर वाटेत बसला आणि स्टेपनी नसली, तर म्हातारा माणूस रस्त्यात ताटकळणार.

दुसरं चाक मागितलं, तेव्हा लालबागच्या भंगारवाल्या रघुने आधीच बजावलं, "तुझी चाकं बदललेली आहेत. फियाटचं माप धरून चालू नको. मोजून आण. संध्याकाळच्या एस.टी.ने मी गावी चाललो."

टायर जुन्यावर रबर चढवून रिमोल्ड केलेले, त्यांच्यावरचे आकडे घासून सपाट. गाडीची पूजा झालेली, ती आज जागची हलवायची नाही. चाकच काढून न्यावं, तर जॅक आणि पाना देवीपुढे मांडलेले, हळदकुंकू लावून.

"अंबिका, जॅक आणि पाना जरा वेळ देतेस?"

"पूजेतल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाय," बायको म्हणाली. "बुवांसाठी देवीला उठवताय? बुवांना तरी आवडेल काय?"

गुणाजी रिकाम्या हाताने खाली गाडीपाशी आला.

तेवढ्यात शेजारचा सीताराम टेप घेऊन आला. गिरणीत घडी खात्यात कापड मोजण्यात त्याची हयात गेलेली. "सरक. काढायला कशाला पायजे? उभ्या गाडीत मोजतो." त्याने हाताने चाकाची टोपी उपटली आणि रिमवर टेप आडवी धरली. "पंधरा इंच. जा, सांग."

गुणाजी लालबागला पायी गेला. रघुने विचारलं, "काठ धरून की सोडून?"

"म्हणजे?"

"रिमचा काठ बाहेर उभा असतो. टायर बसतो आतल्या बाजूला. माप तिथलं. आणि समोरासमोरच्या नटांमधलं अंतर कुठाय?"

गुणाजी तणतणत परत आला. सीताराम ओट्यावर चहा पीत होता.

"दादा, काठ कशाला धरलास?"

"कापड काठासकटच मोजतात. काठ सोडशील तर गिऱ्हाईक बोंबलेल."

"अरे, हे लुगडं हाय काय?"

"माप ते माप. मी उभा जन्म मोजलं, मला शिकवतोस?"

गुणाजीने त्याच्या हातून टेप ओढली आणि बसकण मारली. काठ जिथे आत वळतो, तिथून समोरच्या वळणापर्यंत: चौदा. मग नटांमधलं अंतर. चारही चाकं बघितली, कारण जुन्या मालकाचा भरवसा काय? सीताराम वरून बघत राहिला. "चौदा कसं होईल? लबाडी आहे."

रघु कुलूप लावत होता. गुणाजीला बघून त्याने तोंडातल्या तोंडात पुटपुटत दार परत उघडलं आणि मापाचं चाक काढून दिलं.

सकाळी बुवांना घेऊन येताना वाटेत पुढचा टायर बसलाच. सीताराम शेजारी होता. बुवांची पेटी सांभाळायला म्हणून आला होता आणि वाटभर मापावरच बोलत होता. गुणाजी खाली उतरला. उत्तरपूजा करून अंबिकाने पहाटेच जॅक आणि पाना दिले होते. रघुच्या चाकाचे चारही नट सरळ बसले.

"चाक लागलं का रे?" बुवांनी मागच्या सीटवरून विचारलं.

"लागलं, बुवा."

"मग चल बाबा. मंडळी बसली असतील." आणि गुणाजी हात पुसेपर्यंत बुवांनी मांडीवर ताल धरून नमन सुरूही केलं. सीतारामने माप सोडलं आणि पेटीवर बोट ठेवलं.

गुणाजीने गाडी सुरू केली. आत्ता खरं तर त्याला मापावरून सीतारामशी भांडायचं होतं. पण बुवांचं नमन चालू असताना भांडणार कसं?