डॉक्टरबाईंना त्रास नको

मित्रांनो, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, वाळूच्या टेकड्यांमध्ये एक लहानसे गाव आहे. तिथल्या दवाखान्यातला मी जुना वजनकाटा. नवा होतो तेव्हा माझा पांढरा रंग पाहून लोक जपून पाय ठेवत. पुढे गावचे म्हातारे डॉक्टर वारले आणि दवाखान्याला कुलूप लागले. गावात गुरे उदंड, गुरांचा डॉक्टरही होता. माणसांचा मात्र काही केल्या मिळेना.

मग डॉक्टर मारिसोल आल्या. शिक्षणाच्या कर्जाने त्या पार वाकल्या होत्या. डॉक्टर नसलेल्या गावात तीन वर्षे पूर्णवेळ रुग्ण तपासले, तर राज्य सरकार त्यांचे कर्ज फेडणार होते. त्यांनी स्वतःच्या हाताने मला पुसले.

"हा काटा राहू दे," त्या नर्स ग्लेंडाला म्हणाल्या. "मीही राहीन म्हणते. कर्ज फिटल्यावरसुद्धा."

ते ऐकून मला फार आनंद झाला. ग्लेंडाने ती गोष्ट गावभर केली.

पण गावाने भलतेच मनावर घेतले. इथली माणसे मुलखाची भिडस्त. बाई दमल्या तर निघून जातील, म्हणून बारीकसारीक दुखण्यांसाठी त्यांना त्रास द्यायचा नाही, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले. लोक दारात लोणच्याच्या बरण्या ठेवत आणि घंटा न वाजवता निघून जात. गुरे पाळणारा ऑरव्हिल एकदा मांसाचे पुडके घेऊन आला, तेव्हा ग्लेंडाने त्याला दारातच धरले.

"खंगलास की रे. चढ काट्यावर."

"मी काय विकायला काढलेला बैल आहे, वजन करायला? वासरांना खुणेचे डाग देऊन होऊ दे, मग बघू. बाईंना बसू दे जरा निवांत."

बाई निवांतच बसल्या होत्या. दवाखाना चालवणाऱ्या कंपनीला रिकामी बाकडी दिसली आणि तिने दवाखाना अर्धाच आठवडा उघडायचे ठरवले. अर्धवेळ काम सरकारला चालत नव्हते. कर्ज फिटायचे तर बाईंना दुसऱ्या गावी जाणे भाग होते. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटे नाही.

शेवटच्या दिवशी सारे गाव निरोपाला आले. ऑरव्हिलला पाहताच बाईंनी त्याला माझ्यावर उभे केले. दांडीवरचे वजन त्या मागे मागे सरकवत राहिल्या. मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही. त्या दिवशी मात्र ते यायला हवे होते असे वाटले.

"कधीपासून?" बाईंनी विचारले.

"थंडीपासून. विशेष काही नाही. तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं."

"त्या त्रासासाठीच तर मी आले होते, ऑरव्हिल. तुम्ही सगळ्यांनी तो दिला असता, तर राहिले असते."

ऑरव्हिलने हातातली टोपी नुसतीच फिरवली. "आम्हाला वाटलं, दिला तर जाल."

बाई गेल्या. आता ग्लेंडा अधूनमधून दार उघडते, झाडते आणि बंद करते. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कोणी तुमच्यासाठी आले असेल, तर त्याला नुसती बरणी देऊ नका, आपले दुखणेही सांगा.

ऑरव्हिलला त्याची मुलगी आता दोन तास गाडी चालवून शहरातल्या इस्पितळात नेते. ग्लेंडा सांगत होती, तिथेही तो आधी हेच विचारतो, "डॉक्टर, कामात तर नाही ना तुम्ही? मी नंतर येतो."