शेटस्क्रू

अंधेरीला कुर्ला रस्त्यालगत पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता. तिथला जयवंत मिस्त्री कामाला वाघ आणि मनाने कोता. १९५४च्या श्रावणात शेटने त्याला बोलावून सांगितलं, "दसऱ्यापर्यंत सहदेवला सगळं शिकव. पुढे मला एकच मिस्त्री पुरे." कोणता एक, ते शेट बोलला नाही. सहदेव मालवणकडचा तरणाबांड गडी, गिरणी सोडून आलेला. जयवंतची पन्नाशी उलटलेली. या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

त्याने शिकवलं. एक गोष्ट तेवढी गिळली.

छताखाली लांबलचक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, फिरायचा. त्यावर पुल्या, पुल्यांवर पट्टे आणि पट्ट्यांच्या जोरावर खालची यंत्रं. पुलीला शाफ्टावर धरून ठेवतो तो सेटस्क्रू. कारखान्यात सगळे त्याला शेटस्क्रूच म्हणत, आणि जयवंतला ही चूक फार आवडायची.

"शेट काय करतो रे? एकाच्या पोटातून घुसतो नि दुसऱ्याच्या छातीवर टाच रोवतो. हा तेच करतो. पुलीच्या भोकातून आत जातो, टोक शाफ्टावर दाबतो. नि याला मुंडी नसते बघ. बाहेर आलेली मुंडी फिरताना कपडा धरते. म्हणून हा आत बुडालेला पाहिजे."

"झकास सांगता मिस्त्री," सहदेव मनापासून हसला.

गिळलेली गोष्ट ही, की टोक टेकतं तिथे शाफ्ट कानशीने घासून चपटा करायचा असतो. गुळगुळीत गोलाईवर स्क्रू कितीही आवळा, जड कामाला पुली घसरतेच. जयवंतचा बेत साधा होता. पुली घसरू दे, शेटसमोर याची फजिती होऊ दे.

दसऱ्याच्या आधी सहदेवने एकट्याने नवी पुली चढवली. ती घसरली. पुन्हा आवळली, पुन्हा घसरली. शेट बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सहदेवला घाम फुटला. त्याने बिनमुंडीचा स्क्रू काढला आणि पाना लावून जोर करता येईल असा चौकोनी मुंडीचा बोल्ट पिळला. मुंडी चांगली बोटभर बाहेर राहिली. जयवंतने ती पाहिली. पुढे चौकशीत तो नाही म्हणाला, पण त्याने पाहिली.

आणि मेली ती पुली चक्क टिकली! अर्धा तास यंत्र धडधडत राहिलं. "शाब्बास," शेट म्हणाला. जयवंतच्या तोंडातली बिडी कडू झाली.

तेवढ्यात सहदेव तेलाची कुपी घेऊन शिडीवर चढला. चालत्या शाफ्टाला सगळेच तेल देत. त्याच्या सदऱ्याची बाही मनगटावर लोंबत होती. "बाही!" एवढा एकच शब्द पुरला असता. तो जयवंतच्या जिभेवर आला होता, आणि त्याने जीभ चावून तो परतवला. मुंडीने बाही धरली. पट्टा उतरवेपर्यंत सहदेवचा उजवा हात शाफ्टाभोवती गुंडाळला गेला होता.

सरकारी दवाखान्यात हात खांद्यापासून कापला.

आठ दिवसांनी जयवंत मोसंबी घेऊन भेटायला गेला. खाटेशी सहदेवची बायको शेवंती बसली होती. आठ दिवस ती शेटशी, चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टरशी, येईल त्याच्याशी भांडली होती. "माझ्या घोवाची चूक नाय," एवढंच तिचं पालुपद.

"मिस्त्री, एकच सांगा," सहदेव म्हणाला. "पहिला स्क्रू मी जीव खाऊन आवळला होता. मग पुली घसरली कशी?"

आता सांगायला काय हरकत होती? जागा जयवंतचीच राहिली होती, जन्मभरासाठी. त्याने मोसंबी खाटेवर ठेवली.

"नीट आवळला नसशील."

"हो," सहदेव म्हणाला. "तसंच असणार."

शेवंतीच्या हातात सहदेवसाठी ओतलेला चहा होता. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं आठ दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं.

"एक इस्क्रू आवळूक जमाक नाय तुमका?"

चहा तिने जयवंतपुढे धरला. त्याने तो प्यायला.