आइस्क्रीमचं पाणी मी केलं

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मित्रांनो, मी डूख धरतो. आधीच सांगितलेलं बरं.

आइस्क्रीमच्या गोदामातला थंडावा सांभाळायला मला आणलं, तेव्हा माझा काय थाट होता! मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. मला चालवायला कामावरच्या मावशी माझ्यासमोर बसायच्या. रोज सकाळी पदराने माझी स्क्रीन पुसून "चल बाबा, ऊठ" म्हणत बटण दाबायच्या. पुढे माझी सिस्टीम जुनी झाली. पण गोदामाचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून मी भंगारात गेलो नाही.

मग मालकांचे जावई कारभार बघू लागले. त्यांनी माझ्यात दुरून चालवायचं सॉफ्टवेअर घातलं आणि दुसऱ्या गावातल्या आपल्या घरी, सोफ्यावर लोळत माझा माऊस फिरवू लागले. मावशींना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. आता सगळं घरूनच होतं." मावशींनी किल्ली वॉचमनकडे दिली, मला एकदा पुसलं आणि गेल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, थांबा जावईबापू, तुम्हाला पाणी पाजतोच!

ते नवं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या सिस्टीमला कुठलं झेपायला! मी रखडायचो, जावई "भंगार कुठलं!" म्हणून खेकसायचे. एका टळटळीत दुपारी मी मुद्दामच अडून बसलो. चिडून ते मला बंद करून पुन्हा सुरू करायला गेले आणि घाईत नुसतंच 'बंद करा' दाबून बसले. एरवी दहादा रखडायचो, या वेळी मात्र हुकूम एका झटक्यात मानला. घ्या, आता दाबा घरून बटण!

थंडावा बंद पडला. वॉचमनला माझ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने दार उघडलं आणि जावयांनी फोन करून बोलावलेल्या मावशी आत आल्या. स्क्रीन काळी होती, पण कान शाबूत होते. मावशींच्या फोनमधून जावई ओरडत होते, "मावशी, लवकर बटण दाबा हो! आइस्क्रीम वितळतंय!"

"वितळतंय कसलं, दाराखालून वाहतंय. सगळं घरूनच होतं ना तुमचं?"

"चुकलो! पाया पडतो!"

"पाया नंतर पडा. माझी खुर्ची परत कधी?"

तेवढ्यात आणखी एक खोकं भिजून कोसळलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

"उद्यापासून या!"

"आजपासून," म्हणत मावशी खुर्ची ओढून बसल्या. सावकाश पदराने स्क्रीन पुसली. "चल बाबा, ऊठ."

मी लगेच उठलो. ते सॉफ्टवेअर त्याच दुपारी निघालं.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. ते जमत नसेल, तर जपणाऱ्या माणसाला तरी हाकलू नका. आम्ही हळू चालतो, पण विसरत नाही.