सरूबाईचं बोट

निजामावर पोलीस अ‍ॅक्शन होऊन तिसरा हिवाळा लागला, फुलंब्रीत घराघरांत पोरांचे घसे धरले, आणि सरूबाईच्या बोटाला उसंत राहिली नाही. राखमिठात बुडवलेलं बोट पोराच्या घशात घालायचं, पडजीभ वर दाबायची, झालं काम. लासूरच्या बाजारात तिनं एका उंटाची पडजीभ उचलली होती म्हणतात. उंटाला पडजीभ असते का, हे विचारणारा माणूस फुलंब्रीत अजून जन्मायचाय.

पण आता म्हातारीचा खांदा भरून आला होता. त्यात आठ दिवसांमागं गावातल्या सांडूचा पोरगा गेला. त्याच्या घशात मळकट पांढरा पापुद्रा होता. तिनं तो खरवडला, रक्त आलं, बोट पदराला पुसून ती पुढच्या घरी गेली. तिसऱ्या दिवशी पोरगा नाही.

दवाखान्यातला कंपाउंडर मोहियोद्दीन तेव्हाच म्हणाला होता, "मावशी, घटसर्प हाय त्यो. पांढरं दिसलं तर बोट घालू नका. बोटासंगं पुढल्या घरात जातो."

"तुझं गुलाबी पाणी पिऊन कोण जगलं रं?" असं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं होतं.

आज पुंजारामची सून चार वर्षांची पोर घेऊन आली. मान फुगलेली, श्वास घरघरता. सरूबाईनं तोंड उघडून पाहिलं. तोच पापुद्रा. राखेतलं बोट राखेतच राहिलं.

"उचल की गं माय!"

"माझ्यानं नाय व्हायचं. औरंगाबादची मोटार कव्हा हाय?"

सोबत आलेली पोरीची आजी लक्ष्मीबाई तडकली. "उंटाची उचलती, आन माझ्या नातीची नाय? सरली व्हय तुझी इद्या?"

"सरली," सरूबाई म्हणाली. इतकं थकलेलं उत्तर लक्ष्मीबाईनं कधी ऐकलं नव्हतं.

मोटारीत सून, पोर आणि सरूबाईसंगं मोहियोद्दीनही बसला. शहरातल्या डॉक्टरनं सुई भरली, हे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध, म्हणाला. सून घाबरली.

"पोरगी खिंकाळली तर?"

"खिंकाळली तर श्वास चालतोय समजा," मोहियोद्दीन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरघर उतरली. तेव्हा डॉक्टर सरूबाईकडं वळला. "बाई, सांडूच्या पोरानंतर कुणाकुणाच्या घशात बोट घातलंत?"

कुणाच्याच नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. नाव राहिलं असतं, उंटासकट. तिनं खाली बसून घेतलं आणि घरं सांगायला लागली. बद्रीनाथ. कारभारी. वेशीजवळचा अन्सार. अकरा घरं झाली. मोहियोद्दीन लिहीत होता, मान वर न करता.

पुढच्या सकाळी त्याच डॉक्टरला घेऊन सरकारी जीप गावात आली. घरं दाखवायला सरूबाई पुढं. चार घरं झाली. पाचवं कारभाऱ्याचं.

"बरं झालं आलीस आज्जी," कारभाऱ्याची बायको म्हणाली. "कालपास्नं पाणी गिळंना." तिच्या लेकीनं म्हातारीला पाहिलं, आणि सवयीनं मान मागं टाकून आ केला.

सरूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला नगं, बाई. ह्या डॉक्टरला दाखीव. माझ्याच बोटानं आणलं आसंल तुझ्या घरी."

कारभाऱ्याची बायको लेकीला जवळ ओढून दारातून बाजूला झाली. डॉक्टर आत शिरला. सरूबाई उंबऱ्याबाहेर जरा टेकली. अजून सहा घरं होती.