आमच्याकडचा राखाडी

नाण्याचा फोटो काढण्यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. नाणं ठेवलं, बटण दाबलं, झालं. अशा शहाण्यांशी मी हुज्जत घालत नाही. त्यांच्या हातात एक जुनं चांदीचं नाणं देतो, पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवायला सांगतो आणि म्हणतो, काढा. फोटोत नाणं तव्यासारखं काळं येतं. मग लाल मखमल देतो. तिच्यावर नाण्याच्या कडेला अशी लाली चढते की चांदीचं तांबं झालं म्हणावं. काळ्यावर चांदी खुलते खरी, पण नाणं जरा काळवंडलेलं असलं की त्याची कड कुठे संपली आणि कागद कुठे सुरू झाला, हे शोधत बसावं लागतं. एवढं होईतो शहाण्यांना घरची कामं आठवतात.

आमच्याकडे कॅमेरा माझा आणि कागद बायकोचे. मागच्या खोलीत खिडकीला काळा पडदा, दोन दिवे, मान खाली घातलेला कॅमेरा. त्याच्याखाली औषधाच्या बाटल्यांच्या बुचांवर टेकवलेली काच आणि काचेखाली कागद. नाणं काचेवर ठेवलं की सावली बाजूला पडते आणि नाणं अधांतरी असल्यासारखं दिसतं. भिंतीलगतच्या कपाटाच्या सपाट खणांत तिचे कागद असतात. नवं नाणं आलं की ती ते कडेला धरून एकेका कागदावर ठेवून बघते, मान तिरकी करते, नाक मुरडते, दुसरा कागद काढते. मी म्हणतो, चाललं हिचं स्थळं बघणं. "सोन्याखाली हा नको, दोघंही मिरवायला बघतात," असं काहीतरी ती पुटपुटते. मी चेष्टा करतो, पण ती म्हणेल तोच कागद घालतो.

रंग जुळवायचं काम मात्र माझं. कॅमेऱ्याची स्वतःची अक्कल मी बंद करून ठेवली आहे. यंत्राला सोनं आणि पितळ सारखंच. माझी रीत साधी. कागद राखाडी घालायचा, कारण राखाडीला स्वतःचं मत नसतं. मग स्क्रीनवर तो निव्वळ राखाडी दिसेपर्यंत रंग कमीजास्त करायचा. कागद जागेवर आला की नाणंही जागेवर येतं. माझी नजर हाच काटा. आयुष्यभर घर या काट्यावर चाललं, त्याचा मला माज आहे आणि तो मी लपवत नाही.

पूर्वी आमच्याकडे चार-पाच तऱ्हेचे राखाडी होते. दोनेक वर्षांपूर्वी बायकोने लिलावाच्या सूचीसाठी एकच राखाडी ठरवून टाकला. बाकीचे कुठे गेले विचारलं तर म्हणाली, "जुने झाले होते, काढून टाकले." नवा कागद खरंच चांगला होता. स्क्रीनवर आणला की जागेवरच असायचा, मला बोट लावावं लागायचं नाही.

ही सूची म्हणजे आमचं पोट. नाण्यांचे लिलाव करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या गळ्यात कायम भिंग लटकलेलं असतं, जेवतानाही, म्हणून घरात आम्ही त्यांना भिंगवालेच म्हणतो. त्यांच्या सूचीचे सगळे फोटो माझे. गेल्या हंगामात त्यांनी एका संग्राहकाची सोन्याची नाणी पाठवली आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुलीने घर बदललं. सामान लावायला बायको तिच्याकडे निघाली.

निघताना तिने कागद काचेखाली स्वतः सरकवला. "मी येईपर्यंत हाच ठेवा. दुसरा काढायचा नाही."

"बरं, बाईसाहेब."

"चहा या खोलीत आणायचा नाही."

"जा गं आता, गाडी चुकेल."

अंगात तिने तो राखाडी स्वेटर घातला होता, मुलीने पाठवलेला. मला तो पहिल्या दिवसापासून डोक्यात जातो. पोरीला आई इतकी म्हातारी वाटते की काय? मी पुन्हा एकदा म्हटलं, "एखादा निळा घाल की. निळा तुला शोभतो." ती नुसती हसली आणि जिना उतरली.

चहा मी त्याच दिवशी सांडला.

कागदावर मोठा तपकिरी डाग पडला. बायकोला कळण्याआधी बदलून टाकू म्हणून मी तडक कागदाच्या दुकानात गेलो, राखाडी मागितला, दुकानदाराने दिला. घरी येऊन बघतो तर पिवळट! राखाडीच्या नावाखाली काहीही गळ्यात मारतात. पण परत जायचा कंटाळा आला आणि मनात म्हटलं, आपल्याला काय फरक पडतो, काटा आपल्या डोळ्यांत आहे. फोटो काढले, स्क्रीनवरचा कागद राखाडी दिसेपर्यंत निळा चढवत गेलो, बराच चढवावा लागला, आणि फोटो पाठवून दिले. काम झकास झालं म्हणून स्वतःची पाठही थोपटली.

भिंगवाले फोन न करता थेट घरी आले. ते असे कधी येत नाहीत. त्यांनी छापलेला नमुना टेबलावर ठेवला, शेजारी एक सोन्याचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, "नाण्यांचे मालक विचारताहेत, ही नाणी त्यांचीच आहेत ना."

"म्हणजे?"

"म्हणजे बदलली तर नाहीत ना."

आमच्या धंद्यात फोटो बिघडला तर माफी मिळते. नाणं बदलल्याचा नुसता संशय आला तर पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. मी नमुना बघितला, नाणं बघितलं. फरक होता, पण किंचित. "छपाईत थोडं इकडेतिकडे होतंच," मी म्हटलं.

"थोडं?" भिंगवाले माझ्याकडे बघत राहिले. "अहो, सोनं पांढरंफटक पडलंय. अंगात रक्त नसल्यासारखं."

माझा आवाज चढला. मी सगळं खापर दुकानदारावर फोडलं. बायको नव्हती, कागदावर चहा सांडला, त्या माणसाने पिवळट राखाडी दिला, आता मी तरी काय करणार! पुरावा म्हणून डागाळलेला कागद आणि नवा कागद दोन्ही त्यांच्यापुढे टाकले. "तुम्हीच बघा. हा आमचा राखाडी, आणि हा त्याचा."

त्यांनी दोन्ही कागद खिडकीशी नेले. काळा पडदा बाजूला केला. दोन्ही उलटसुलट करून बघितले.

"हा नवा आहे ना, तो राखाडी आहे," ते हळूच म्हणाले. "चांगला राखाडी आहे. तुमचा जुना कागद निळा आहे."

"काहीतरीच काय!"

"फिकट, पण निळाच. आमच्या ऑफिसात सगळे त्याला तुमचा निळा म्हणतात. आम्हाला वाटायचं, ही तुमची खास पसंती."

मी खुर्चीत बसलो. दादा आठवला. माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. डोळे गेल्यावर त्याने हत्यारांची पेटी बंद केली आणि मरेपर्यंत दाराशी बसून राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले विचारत. मला मरणाची भीती वाटत नाही, त्या खुर्चीची वाटते. भिंगवाल्यांनी नाणं खिशात ठेवलं आणि आठवड्याची मुदत दिली. मालकाला ते तोवर थोपवून धरणार होते.

बायकोला फोन केला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "चहा सांडला ना?"

"कागद निळा आहे, हे तुला ठाऊक होतं?"

पलीकडे मुलीच्या घरी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. तो आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "मी निघते."

ती आली ती तडक मागच्या खोलीत. मी भांडायच्या तयारीतच होतो. दोन वर्षं मला वेड्यात काढलंस, म्हटलं. बोलली का नाहीस?

"बोलले होते. बाहेरच्या खोलीतले पडदे पांढरे आहेत, पिवळे नाहीत, एवढंच म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, माझे डोळे काढून तुझ्या हातावर ठेवू का? मग दोन दिवस अबोला."

हे मला आठवत होतं.

"डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्हाला भावोजी दिसतात. म्हटलं, डोळ्यांचं नंतर बघू, आधी काम जायला नको. तुम्ही कागद बघून रंग लावता. मग तुम्हाला राखाडी वाटेल असाच कागद दिला, म्हणजे तुम्ही रंगाला हात लावणार नाही. नाणी आपोआप खरी येणार."

माझा काटा कधीच मोडला होता, आणि ती दोन वर्षं दुसऱ्या पारड्यात बोट टेकवून तो सरळ धरून बसली होती. मला राग आला होता आणि लाजही वाटली. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सुटल्यासारखं वाटलं. स्क्रीनकडे बघताना डोळे ताणताहेत, हे मलाही गेले कितीतरी दिवस कळत होतं.

नाणी पुन्हा काढली. या वेळी खरा राखाडी कागद घातला आणि स्क्रीनसमोर ती बसली. मी बटणं फिरवायची, तिने सांगायचं. "अजून. अजून थोडं. अहो, पुरे! आता मागे घ्या." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या डोळ्यांनी काम करत होतो. तोंडाने सारखी कुरकुर चालू होती, पण हात तिचं ऐकत होते. संग्राहक स्वतः नाणी आणि फोटो शेजारी शेजारी धरून बघून गेला आणि जाताना भिंगवाल्यांना म्हणाला, आता ओळखीची वाटतात.

डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू सांगितला; त्याने सगळ्यावर पिवळी झाक चढते, म्हणाले. "इतके दिवस काय करत होतात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बायकोने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. टेबलावर झोपेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. नर्स हसली. हसू दे.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. खोलीच्या भिंती इतक्या पांढऱ्या होत्या की मी आधी डोळा मिटूनच घेतला. पुन्हा उघडला तर समोर बायको उभी होती.

"हा निळा स्वेटर कधी घेतलास?" मी विचारलं.

मी उजवा डोळा झाकला. स्वेटर राखाडी. डावा झाकला. निळा, फिकट, सकाळी धुवून वाळत घातल्यासारखा स्वच्छ. पुन्हा झाकून बघितलं. लहान पोरासारखा मी तेच करत बसलो.

"हा तोच, मुलीने पाठवलेला," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यांदा घातला तेव्हा तुम्ही याला राखाडी म्हणालात. तेव्हाच मला कळलं. दुसऱ्या दिवशी हाच स्वेटर घेऊन कागदाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, या रंगाचा द्या."

दोन वर्षं मी तिला निळा घाल म्हणत होतो आणि दोन वर्षं ती निळाच घालून माझ्यासमोर हसत होती. मला रडू आलं. डॉक्टर ओरडले, नव्या डोळ्यात पाणी नको.

दोन्ही डोळे झाल्यावर आता रंग मी पुन्हा एकटा जुळवतो, पण भिंगवाल्यांनी सूचीसाठी मागणी केली ती जुन्याच कागदाची. त्यांच्या गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली आहे म्हणे. डाग पडलेला कागद काही कामाचा नव्हता. मी तिचा स्वेटर पिशवीत घातला, कागदाच्या दुकानात गेलो आणि गल्ल्यावर पसरला.

"या रंगाचा द्या."

दुकानदाराने स्वेटर उजेडात धरला. "हा निळा हवाय ना?"

"आमच्याकडे याला राखाडी म्हणतात," मी म्हटलं.