आजोबांचा हुंदका

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि मी गेली चौदा वर्षं एक गेम खेळतोय. ऐकणारे हसतात. हसू देत बापडे. 'शिकार' त्याचं नाव, हातात धरायच्या छोट्या कन्सोलवरचा गेम. कन्सोल मुळात पोरींचे, एक माझ्या मुलीचा आणि एक त्यांच्या मुलीचा. परीक्षेच्या वर्षी आम्ही दोघींनी ते जप्त केले, आणि जप्त केलेला माल धड चालतोय ना, हे बघता बघता आम्हीच त्यात अडकलो. पोरी शिकल्या, नोकरीला लागल्या, दुसऱ्या गावी गेल्या. कन्सोल परत मागायची कुणाची टाप नव्हती.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, मी कामावरून आले की साडेपाचला वन्सं पाचव्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे उतरतात. सोफ्यावर शेजारी शेजारी बसायचं आणि शिकारीला निघायचं. शेवटी एक म्हातारा शिंगवाला प्राणी येतो, छातीपर्यंत पांढरी दाढी असलेला. गेममध्ये त्याला जीभ वळणार नाही असलं काहीतरी नाव आहे. खेळणारे सगळे त्याला आजोबा म्हणतात. आमची कामं ठरलेली. मी आजोबांच्या पुढ्यात नाचायचं आणि त्यांना चिडवायचं, वन्संनी मागे हातोडा घेऊन दबा धरून बसायचं. चिडवणं मला उपजतच येतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. आजोबांचं दुसरं शिंग तुटलं की ते मागच्या पायांवर उभे राहतात, वाळू उडते, आणि सगळं एकदम मंद होतं. तीन आकडे मोजेपर्यंतच. त्या तीन आकड्यांत वन्संचा हातोडा आजोबांच्या कपाळावर बसला की खेळ खलास.

हे मंद होणं म्हणजे 'आजोबांचा हुंदका'. नाव मी दिलेलं. 'शिकार' खेळणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, चार हजार माणसांचा, आणि त्यात आजोबांना कसं हरवावं यावर मी बेचाळीस पानं लिहिलीत. सातवं प्रकरण हुंदक्याचं. आजोबांची शिंगं त्यांच्या बापाची आठवण असतात, ती तुटताना त्यांचा श्वास अडकतो आणि त्यांच्याबरोबर सगळं रान थांबतं, असं मी लिहिलं होतं. गेममध्ये तसं कुठेही सांगितलेलं नाही. पण दिसतंय ते खोटं कसं असेल? लोकांनी वाचून डोळे पुसले. मला ग्रुपवर 'मास्तरीण' म्हणायला लागले, आणि मीही म्हणू दिलं.

दोन वर्षांपूर्वी वन्संना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची बोटं आखडलेलीच राहिली. हातोडा मारायला उजव्या हाताची दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. त्यांना वेळ लागायचा, पण हुंदका असायचा ना, तेवढ्यात जमून जायचं. झटक्यानंतर त्यांनी शिवण सोडलं, नातेवाइकांकडे जाणं सोडलं, लोकांसमोर जेवणंसुद्धा सोडलं. सोडला नव्हता तो एवढा खेळ. हाही सुटला तर ही बाई पाचव्या मजल्यावर दार लावून बसेल, याची मला भीती होती. स्वयंपाकघरात भांडी घासताना ही भीती मनात यायची आणि मी नळ मोठा सोडायची.

तर गेल्या महिन्यात 'शिकार' नव्या कन्सोलवर आला, टीव्हीला जोडायच्या. माझ्या मुलीने तो कन्सोल घरी पाठवून दिला, दोन कंट्रोलरसकट.

ग्रुपवर तर दिवाळीच. कुणी म्हणे आजोबांच्या दाढीचा केस न् केस मोजता येतोय, कुणी म्हणे मी रडलो. आमच्या कामावरचे मिशीवालेही त्यातलेच. आम्ही दातांच्या कवळ्या बनवतो. मी मेणात दात बसवते, मिशीवाले पलीकडच्या टेबलावर घासून चमकवतात. ते सकाळी आले तेच नाचत. म्हणाले, बाई, कुठे अडकत नाही, कुठे रखडत नाही, मापात बसलेल्या कवळीसारखा चालतोय. मी म्हटलं बघू, आणि संध्याकाळी वन्संना हाक मारली.

तासभर मजा आली, खोटं कशाला बोलू. मोठ्या पडद्यावर ते रान बघून वन्सं दोनदा चहा प्यायला विसरल्या. मग आजोबा आले. मी चिडवलं, एक शिंग तुटलं, दुसरं तुटलं, आजोबा उभे राहिले, वाळू उडाली, आणि मी 'एक' म्हणायच्या आत त्यांनी वन्संना चिरडलं. हुंदका आलाच नाही. परत खेळलो, परत तेच. पाचव्या वेळी वन्संनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला, डोळे दुखतायत म्हणाल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेल्या.

पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत. धुण्याचं मशीन बघायला माणूस येणार होता म्हणे. त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे. त्यांच्याकडे कोण पाहुणे येणार? मला काय ते कळलं, आणि माझं डोकं फिरलं.

ग्रुपवर मी तोफा डागल्या. नव्या लोकांनी गेमचा आत्माच काढून घेतलाय, ज्यांना हुंदका कळत नाही त्यांनी शिकारीला हात लावू नये, असं बरंच काही. मग कंपनीला पाठवायला अर्ज लिहिला: आमचा हुंदका परत द्या. निम्मे लोक माझ्या बाजूने, निम्मे म्हणे गेम झकास झालाय, म्हातारे लोक कुरकुर करतात. तेव्हा मी हुकमाचं पान टाकल्यासारखं अर्जात लिहिलं की माझ्या नणंदेचा उजवा हात आजारानंतर कामातून गेलाय, हुंदका होता म्हणून ती खेळू शकत होती, तिच्या आयुष्यातला एवढा एकच आनंद तुम्ही हिरावून घेतलात. झालं. विरोधकांची तोंडं बंद. सहाशे अकरा सह्या आल्या, रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. मी दिवसभर मेणात दात बसवत होते आणि मधूनमधून मोबाईल बघून खूश होत होते.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मूळ गेम बनवणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या प्रोग्रॅमरने लिहिलं होतं आणि ग्रुपमधल्या एकाने त्याचं भाषांतर करून टाकलं होतं. तो म्हणत होता, हुंदक्याबद्दल वाचून आम्हाला भरून आलं, पण खरं सांगायला हवं. त्या छोट्या कन्सोलला एवढी वाळू एकदम उडवायची ताकद नव्हती, तो तिथे दमायचा, म्हणून सगळं मंद व्हायचं. चौदा वर्षं आम्हाला त्याची लाज वाटत होती. आता कुठे सुधारता आलं.

त्यानंतर ग्रुपवर काय झालं ते विचारू नका. माझं सातवं प्रकरण लोक हसत हसत एकमेकांना वाचून दाखवायला लागले. मिशीवाले भले, ते फक्त म्हणाले, बाई, हुंदका नव्हता, धाप होती. आणि पॉलिशच्या चाकावर वाकून खांदे हलवत बसले. मला धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्याहून मोठी पंचाईत वेगळीच. वन्संना आता काय सांगायचं? की तुम्ही हरवत होता ते आजोबांना नाही, दमलेल्या यंत्राला?

संध्याकाळी दोन्ही जुने कन्सोल पिशवीत घातले आणि पाचव्या मजल्यावर गेले. ठरवलं होतं, खरं काय ते सांगायचं आणि म्हणायचं, जाऊ दे तो नवा, आपण आपले जुन्यावर खेळू. वन्संनी दार उघडलं, पिशवीकडे पाहिलं आणि आत जाऊन बसल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, प्रोग्रॅमरचं पत्रही वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या.

वन्सं अठ्ठावीस वर्षं विणकामाच्या कारखान्यात यंत्रांवर होत्या, हे मी विसरलेच होते. म्हणाल्या, वाळू उडाली की कन्सोल तळव्यात गरम लागायचा, यंत्र दमलं की मला हातालाच कळतं. मग मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, तू एवढं छान लिहिलं होतंस, ते कशाला मोडू.

मला हायसं वाटलं. म्हटलं, मग येत का नव्हता? आणि पिशवीतून कन्सोल काढायला लागले. तेव्हा त्यांनी उशीखालून स्वतःचा मोबाईल काढला. ग्रुप त्यांच्याही मोबाईलवर होता. मुलीने घालून दिला होता, त्या लिहायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या. त्यांनी माझा अर्ज उघडला आणि माझ्यापुढे धरला.

"हरल्याचं काही नव्हतं गं. दोन-चार दिवसांत आलेही असते. पण माझा हात तू चार हजार लोकांना दाखवलास."

जी बाई चार लोकांसमोर जेवायलाही बसत नव्हती तिचा हात मी चार हजारांपुढे ठेवतेय, हा हिशोब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. भांडण जिंकायचं होतं, हाताशी दिसलं ते उचलून मारलं. मी खुर्चीत बसले आणि रडले. नाटक नाही, खरंच. मला माझी लाज वाटली, तशी त्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमरलाही वाटली नसेल. म्हटलं, वन्सं, चुकलं माझं, तुम्ही म्हणाल ते करते.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, आधी ते काढून टाक. मी तिथल्या तिथे अर्ज काढला आणि ग्रुपवर लिहिलं की नणंदेबद्दल लिहायचा मला काही अधिकार नव्हता, तिची माफी मागते, आणि तिच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहू नये. वन्संनी ते दोनदा वाचलं. मान हलवली. पिशवीतले जुने कन्सोल उचलून त्यांनी कपाटात टाकले आणि पायात चपला सरकवत म्हणाल्या, चल खाली.

"आता तू हातोडा धर," लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या. "पळायला डावा अंगठा पुरतो. पुढे मी जाते."

मला हसूच आलं. चौदा वर्षं पुढे मी, आणि आता पळणार वन्सं? पण शब्द दिला होता. बसलो. आणि काय सांगू, या बाईने आजोबांना असं नाचवलं की मला तोंडात बोट घालायची वेळ आली. मी नुसती अंगावर धावून जायचे. या दाढीला हात लावायच्या, दोन पावलं मागे, परत हात. आजोबा पिसाळले. एक शिंग गेलं, दुसरं गेलं, ते उभे राहिले, वाळू उडाली, आणि मी हातोडा हाणला.

लवकर हाणला. हवेत. आजोबांनी मला उचलून डोंगरावर भिरकावलं.

दुसऱ्या वेळी त्याहून लवकर. तिसऱ्या वेळी तर ते उभेही राहिले नव्हते. वन्सं म्हणत होत्या, थांब, थांब, अगं थांब म्हणतेय ना, आणि माझी बोटं ऐकतील तर शपथ. धडधाकट दहाच्या दहा बोटं, पण दबा धरून बसणं त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. चौदा वर्षं मला वाटत होतं की अवघड काम मी करते आणि सोपं त्यांना ठेवते. आठव्या वेळी वन्सं इतक्या हसल्या की कंट्रोलर मांडीवर पडला. आमचे हे आतल्या खोलीतून बघायला आले की झालं तरी काय. त्यांच्या बहिणीला असं हसताना त्यांनी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ते दारातच उभे राहिले, आणि मग चहा ठेवायला गेले.

अकरा वेळा हरलो. अकराही वेळा माझ्यामुळे. चहा झाला, वन्सं उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"उद्या तू कामावरून किती वाजता येतेस?"

उद्याचा आमचा दिवस नव्हता. तरी म्हटलं, नेहमीसारखीच, साडेपाचला. त्यांनी जरा विचार केला आणि हात पुढे केला. उजवा.

"मग घराची एक किल्ली माझ्याकडे दे. मी चारलाच येऊन बसते."